आसा राजाची दहा वर्षं: देवाने दिलेली शांतता आणि विकत घेतलेली शांतता

शेवंती

गेल्या रविवारी मुलांच्या वर्गात यहूदाच्या आसा राजाचा पाठ होता. बायबलमधलं २ इतिहास, अध्याय १४. पाठ सोपा वाटला म्हणून मी फार तयारी केली नव्हती. चांगला राजा, त्याने परक्या वेद्या पाडल्या, अशेरा देवीचे खांब तोडले, लोकांना परमेश्वराकडे वळायला सांगितलं आणि देशाला दहा वर्षं स्वस्थता मिळाली. वचन पाठ करून घ्यायचं आणि चित्र रंगवायला द्यायचं, एवढाच बेत होता. रंगवता रंगवता नऊ वर्षांच्या एका मुलीने मान वर न करता विचारलं, "टीचर, देवाने त्याला शांतता दिली होती ना? मग ते एवढं सैन्य कसं काय आलं?"

मी म्हटलं, देव कधीकधी परीक्षा बघतो. तिने "हं" केलं आणि रथाचं चाक लाल रंगाने भरत राहिली. तिला पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

घरी येऊन १४, १५, १६ हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचून काढले. लहानपणापासून ही गोष्ट मी पहिल्या अध्यायापुरतीच ऐकत आले होते. पुढे काय काय आहे! जेरह कूशी दहा लाखांचं सैन्य आणि तीनशे रथ घेऊन मारेशापर्यंत येतो. आसा प्रार्थना करतो, जिंकतो. अजऱ्या संदेष्टा येऊन त्याला धीर देतो. पंधराव्या वर्षी सगळा देश यरुशलेमात जमून करार करतो, ७०० बैल आणि ७,००० मेंढरं अर्पण होतात. आजीने अशेराची मूर्ती केली म्हणून तो तिला राजमातेच्या पदावरून काढतो. आणि मग शेवटी हाच माणूस मंदिरातलं सोनंरुपं काढून दिमिष्कच्या (दमास्कसच्या) राजाला पाठवतो, जाब विचारणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकतो, पाय दुखून दुखून मरतो. अध्याय १६ वाचून मला रडू आलं. ज्याला मी इतकी वर्षं मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवलं, त्याचा शेवट मी कधी नीट वाचलाच नव्हता.

विश्वासू राजाला देव शांतता देतो, असं आपण म्हणतो. ते बक्षीस असतं का? बक्षीस असेल तर ते परत का जातं? कृपया अभ्यास असणाऱ्यांनी लिहावं.

रानवाट

शेवंतीताई, मी ख्रिस्ती नाही, पण जुना करार इतिहासाच्या ओढीने अनेकदा वाचलाय. तुमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न खरा आहे आणि तो फक्त जेरहपुरता नाही.

"विश्वासू राजा म्हणून शांतता" हे सूत्र बायबलमधल्या 'इतिहास' या पुस्तकात फार ठळक आहे. 'राजे' या पुस्तकात तेवढं नाही. १ राजे १५ काढून बघा. तिथे आसा चांगलाच आहे, पण दहा वर्षांच्या स्वस्थतेचा उल्लेखही नाही. उलट आसा आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा बाशा यांच्यात हयातभर लढाई चालू होती असं सरळ लिहिलंय. वर्षांचाही मेळ बसत नाही. बाशाने रामा हे नगर बांधायला घेतलं ते आसाच्या ३६व्या वर्षी, असं इतिहास सांगतं. राजांच्या हिशेबाने बाशा आसाच्या २६व्या वर्षीच वारलेला असतो. काही अभ्यासक यावर असा तोडगा काढतात की ३५-३६ ही वर्षं आसाच्या गादीची नसून शलमोनानंतर राज्य इस्राएल आणि यहूदा असं दुभंगल्यापासूनची धरावीत. आसाचे आजोबा रहबाम यांची १७ आणि वडील अबीया यांची ३ वजा केली की आसाचं १६वं वर्ष येतं. गणित जुळतं, पण मूळ वाक्यात "आसाच्या कारकिर्दीचं" असंच आहे.

सूत्राला छेद देणारे राजेही त्याच वंशात सापडतात. मनश्शेइतका दुष्ट दुसरा कुणी नाही, तरी त्याने ५५ वर्षं राज्य केलं. उत्तरेत दुसरा यराबाम वाईटच म्हणून नोंदला आहे, पण ४१ वर्षं राहिला आणि सीमा वाढवून गेला. आणि योशीया? त्याच्यासारखा मनापासून परमेश्वराकडे वळलेला राजा आधी झाला नाही, नंतर झाला नाही, असं राजांचं पुस्तक म्हणतं. हुल्दा संदेष्ट्रीने त्याला सांगितलं होतं की तू शांतीने आपल्या कबरेत जाशील. तो इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला इजिप्तच्या नखो राजासमोर मारला गेला.

हे खोडून काढायला लिहीत नाहीये. पण ज्याने हे ग्रंथ एकत्र ठेवले त्याला योशीयाचा मृत्यू माहीत होता. तरीही त्याने आसाची दहा वर्षं लिहून ठेवली. म्हणजे त्याला बक्षिसाच्या हिशेबापलीकडचं काही सांगायचं असावं.

कोकणचा_माड

शेवंती बेटा, रानवाट, दोघांनाही शालोम.

मी अलिबागजवळच्या गावचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. तरुणपणी इकडे इस्राएलला आलो, आता अश्दोदला असतो. माझं हिब्रू कारखान्यात आणि सिनगॉगमध्ये शिकलेलं, विद्यापीठातलं नाही. पण हे तीन अध्याय हिब्रूत वाचले की काही शब्द कानाला लागतात, ते सांगतो.

दहा वर्षांसाठी जो शब्द आहे तो शालोम नाही. तिथे "शाकत" आहे. शांत होणं, गप्प होणं, वारा पडणं. आजही आम्ही इकडे वर्गातल्या पोरांना गप्प करायला "शेकेट!" म्हणतो, तोच धातू. राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांचं जे शास्ते पुस्तक, त्यात ओथनिएलनंतर देश ४० वर्षं स्वस्थ राहिला, एहूदनंतर ८०, तिथेही हाच शब्द. आणि त्याच्या जोडीला दुसरा, "हेनीआख", म्हणजे विसावा दिला. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतो ना, तसा. आमची आजी लाकडाची मोळी घेऊन चढणीवरून यायची, तेव्हा वाटेत एक उंच दगड होता, त्यावर मोळी टेकवून ती उभ्यानेच श्वास घ्यायची. मोळी तिथेच असायची आणि पुढची वाटही. "हेनीआख" वाचलं की मला तो दगड दिसतो.

त्यामुळे बेटा, त्या मुलीला सांग, विसावा मिळाला याचा अर्थ वाट संपली असा नाही. आसाने त्या दहा वर्षांत काय केलं तेही वाच. तो म्हणतो, देश अजून आपल्यासमोर मोकळा आहे, चला नगरं बांधू, तट, बुरूज, दरवाजे, अडसर घालू. जेरह आला तेव्हा तट तयार होते. तरी प्रार्थनेत तो तटाचं नाव काढत नाही. "आम्ही तुझ्यावर टेकलो आहोत" म्हणतो. टेकणं, "निशआन".

आता १६व्या अध्यायात हनानी द्रष्टा काय म्हणतो ते बघ. तू अरामच्या (म्हणजे दिमिष्कच्या) राजावर टेकलास, परमेश्वरावर टेकला नाहीस. शब्द तोच. लिहिणाऱ्याने मुद्दाम तोच ठेवलाय. आसाला त्याचीच प्रार्थना ऐकवली जाते, म्हणून तो इतका चिडला असेल असं मला वाटतं.

आणखी एक. शालोम हा शब्द १५व्या अध्यायात येतो, तो नसण्यासाठी. अजऱ्या जुन्या वाईट दिवसांबद्दल सांगतो, की तेव्हा बाहेर जाणाऱ्याला आणि आत येणाऱ्याला शालोम नव्हता. मग अध्याय १६, पहिलंच वचन: बाशाने रामा बांधलं, कशासाठी? आसाकडे कुणी जाऊ नये, कुणी येऊ नये म्हणून. तेच दोन शब्द, जाणारा आणि येणारा. रामा यरुशलेमपासून जेमतेम ८ किलोमीटर. राजधानीच्या उत्तरेचा रस्ताच बंद. जुने दिवस अक्षरशः दारात येऊन बसले.

शालोम म्हणजे काय याचं याहून साधं वर्णन मला माहीत नाही. माणूस सकाळी बाजाराला जातो आणि संध्याकाळी परत येतो. आम्ही या देशात ज्या दिवसांतून गेलो आहोत, त्यात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय.

वाडीवरची

माडकाका, मोळीचा दगड मनात राहील.

मी वसईची, नर्स आहे. मला १६:१२ बद्दल बोलायचंय. आसाच्या पायाला ३९व्या वर्षी रोग झाला, फार वाढला, तरी त्याने परमेश्वराचा धावा केला नाही, वैद्यांकडे गेला. या एका वचनाचा आमच्या नात्यात फार वाईट उपयोग झालेला मी पाहिलाय. माझ्या मावशीला साखरेचा त्रास होता, पायाला जखम झाली. प्रार्थनेला येणाऱ्या एकाने हेच वचन वाचून दाखवलं आणि घरच्यांनी ड्रेसिंगला आणायचं थांबवलं. सहा आठवड्यांनी आणलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. मी त्या वॉर्डात ड्युटीवर होते.

म्हणून सांगते, पाठ घेणार असाल तर हे वचन तसंच सोडून देऊ नका. २ राजे २० मध्ये हिज्कीया मरणाच्या दारात असताना यशया संदेष्टा स्वतः अंजिरांचा लेप गळवावर लावायला सांगतो. लेप लावतात आणि राजा बरा होतो. औषधाला देवाचा विरोध असता तर यशयाने अंजीर मागवलं नसतं.

मला आसाच्या पायांत वेगळं काही दिसतं. तीन वर्षांपूर्वी त्याने हनानीला खोड्यात अडकवलं होतं. देवाचं म्हणणं सांगणारा माणूस त्यानेच कोंडून ठेवला. मग दुखायला लागल्यावर विचारायचं कुणाला?

कोकणचा_माड

पोरी, वाचून जीव कळवळला. हिब्रूत "दाराश" आहे, शोधणं, विचारायला जाणं. हा या तिन्ही अध्यायांचा मुख्य शब्द. आम्ही परमेश्वराला शोधलं म्हणून त्याने चोहोकडून विसावा दिला, असं आसाच १४व्या अध्यायात म्हणतो. शेवटी तोच माणूस शोधायचा थांबला, एवढंच वचनात आहे. वैद्याकडे जाऊ नका असा हुकूम त्यात नाही.

रानवाट

वाडीवरची, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं. आता पायांकडे बघायची दृष्टीच बदलली.

मी आसाने दिमिष्कला पाठवलेल्या त्या चांदीचा माग काढत बसलो होतो. रहबामच्या पाचव्या वर्षी इजिप्तचा शिशक येऊन मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना लुटून नेतो, सोन्याच्या ढालीसुद्धा. हा शिशक म्हणजे बहुतेक पहिला शोशेंक, ज्याच्या मोहिमेतल्या गावांची यादी कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे. म्हणजे आसाच्या आजोबांच्या काळात मंदिर रिकामं झालं. १५:१८ मध्ये आसा आपल्या बापाने आणि स्वतः अर्पण केलेलं सोनंरुपं आणि पात्रं मंदिरात आणून ठेवतो. दोन पिढ्यांनी पुन्हा भरलेलं भांडार. आणि १६:२ मध्ये तेच दिमिष्कच्या राजाला, बेन-हदादला जातं. शिशकने लुटलं होतं, हे आपल्या हाताने दिलं.

डाव मात्र फसला नाही, हे लक्षात घ्या. बेन-हदादने बाशाचा करार मोडला, उत्तरेकडून इयोन, दान, नफतालीची कोठारनगरं मारली. बाशाने रामाचं काम टाकलं आणि गेला. आसाने रामाचे दगड आणि लाकडं उचलून आणली, गेबा आणि मिस्पा बांधली. राजकारण म्हणून चोख. आजचा कुठलाही सल्लागार पाठ थोपटेल. त्यावर हनानी येऊन सांगतो, यापुढे तुला लढायाच आहेत.

मिस्पाचं पुढे काय झालं ते सांगतो. बहुतेक संशोधक तेल एन-नस्बे या टेकडीला मिस्पा मानतात. विल्यम बादे यांनी १९२६ ते १९३५ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा सरासरी ४ मीटर रुंदीचा तट निघाला. आता यिर्मया ४१ वाचा. यरुशलेम पडलंय, बाबेलने नेमलेला गदल्या मिस्पाला कारभार बघतोय. इश्माएल नावाचा माणूस त्याला जेवणाच्या पंगतीत मारतो. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या जागी अर्पण घेऊन निघालेले ८० यात्रेकरू येतात, दाढ्या काढलेले, कपडे फाडलेले. इश्माएल रडत रडत त्यांना सामोरा जातो, आत नेतो आणि १० सोडून बाकी सगळे कापतो. प्रेतं एका टाक्यात टाकतो. आणि तिथे लेखक थांबून सांगतो: हे टाकं आसा राजाने बाशाच्या भीतीने खोदवलं होतं.

आपल्या किल्ल्यांवर असतं तसं पाण्याचं टाकं असणार ते. वेढा पडला तर प्यायला पाणी हवं म्हणून खोदलेलं. सुमारे ३०० वर्षांनी लोकांना ते कुणी आणि कशाच्या भीतीने खोदलं हे आठवत होतं. मी हे वचन आधी वाचलं होतं, पण आसाशी कधी जोडलं नव्हतं.

दगडी_पायरी

उशिरा आलो, पण चर्चा फक्त आसावर राहिली म्हणून शलमोनाबद्दल लिहितो. शांतीचा आशीर्वाद मिळालेला राजा म्हटलं की पहिलं नाव त्याचं. त्याचं नावच शालोमवरून. दावीदाला सांगितलं गेलं की तू फार रक्त सांडलंस, मंदिर तू बांधायचं नाहीस, तुला मुलगा होईल, त्याच्या दिवसांत मी इस्राएलला शांती आणि स्वस्थता देईन. १ इतिहास २२:९. माडकाका, तिथे दोन्ही शब्द एकत्र आहेत ना?

त्या शांतीचं चित्र १ राजे ४ मध्ये आहे. दानपासून बैरशेब्यापर्यंत जो तो आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्धास्त. आम्ही नाशिकच्या बाजूचे, द्राक्षबागायतदार. वेल लावल्यापासून पहिला धड माल हाती यायला दोन वर्षं जातात, मांडव घालायचा, छाटण्या करायच्या. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू याची खात्री आहे तोच वेल लावतो. सैन्य येणार म्हटल्यावर माणूस फार तर कुळीथ पेरील.

पण त्याच शलमोनाने वेठीला माणसं धरली. तो मेल्यावर लोक रहबामकडे आले ते एकच मागणं घेऊन, तुझ्या बापाने आमच्या मानेवर ठेवलेलं जू हलकं कर. म्हणजे वेलीखाली बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मानेवर वळ होते. स्तोत्र ७२ शलमोनाच्या नावावर आहे. त्यात डोंगरांनी लोकांना शांती द्यावी अशी प्रार्थना आहे, आणि मागचंपुढचं सगळं गरिबाच्या न्यायाबद्दल. गरजवंताने हाक मारली तर राजा त्याला सोडवील, त्यांचं रक्त त्याला मोलाचं वाटेल. शांती तिथून उगवते असं ते स्तोत्र म्हणतं. इतकं सुंदर मागणं ज्याच्या नावावर आहे त्याच्याच राज्यात वेठ होती, हे वाचताना मला फार जड जातं.

आणि हे द्राक्षवेल-अंजिराचं वाक्य पुढे एका परक्याच्या तोंडी येतं. इ.स.पू. ७०१, अश्शूरचा सन्हेरीब यहूदाची तटबंदीची नगरं एकामागून एक घेत आलाय. त्याचा रब-शाके, म्हणजे बडा अधिकारी, यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांना समजेल अशा त्यांच्याच भाषेत ओरडतो: माझ्याशी समेट करा, बाहेर या, मग जो तो आपल्या वेलीची द्राक्षं खाईल, आपल्या अंजिराची फळं खाईल, आपल्या टाक्याचं पाणी पिईल. आणि लगेच पुढे, मी येऊन तुम्हाला दुसऱ्या देशात नेईपर्यंत. आत हिज्कीयाने लोकांना सांगून ठेवलं होतं, उत्तर द्यायचं नाही. कुणी एक शब्द बोललं नाही.

शेवंतीताई, तुमचा प्रश्न होता बक्षीस की काय. मला वाटतं यहूदाच्या लोकांना दोन प्रकारची शांतता ओळखता यावी म्हणून या गोष्टी लिहिल्या गेल्या. रब-शाकेची भाषा शलमोनाच्या काळाचीच आहे. फरक त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे.

कोकणचा_माड

हो, १ इतिहास २२ मध्ये "शालोम वा-शेकेट". दोन्ही.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी नवा पाठ न घेता आसाच पुन्हा घेतला. माडकाकांच्या आजीचा दगड सांगितला. एका मुलाला वर्गातली सगळी दप्तरं उचलायला लावली आणि मध्येच बाकावर टेकवायला लावली. त्याने असा काही सुस्कारा टाकला की वर्ग हसला, आणि मला "विसावा" समजावून सांगावाच लागला नाही. वाडीवरचीताई, पायांबद्दल बोलले आणि अंजिराचा लेपही सांगितला. टाक्याचं सांगितलं नाही, मुलं लहान आहेत.

चांदी देऊन घेतलेली शांतता कळेल का अशी मला शंका होती. त्यांनी लगेच धरलं. एकजण म्हणाला, माझ्या वर्गातला मोठा मुलगा मला मारू नये म्हणून मी त्याला रोज डबा देतो. मी थांबले. वर्ग झाल्यावर त्याच्या आईशी बोलले आहे.

गेल्या वेळची मुलगी गप्प होती. सुटल्यावर दप्तर भरता भरता म्हणाली, "टीचर, हनानी तुरुंगातून सुटला का?" मी अध्याय उघडून तिच्यासमोरच शोधलं. आसा मेल्याचं आहे, सुगंधी द्रव्यं भरलेल्या बिछान्यावर त्याला ठेवल्याचं आहे, त्याच्यासाठी मोठी आग पेटवल्याचं आहे. हनानीचं पुढे काहीच नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, तिला उत्तर द्यायचं कबूल केलंय.

कोकणचा_माड

हनानीचं कुठेच लिहिलेलं नाही, बेटा. पण १९वा अध्याय काढ. आसाचा मुलगा यहोशाफाट इस्राएलच्या अहाब राजाबरोबर लढाईला जाऊन जेमतेम जीव वाचवून घरी येतो. त्याच्या समोर एक द्रष्टा येऊन उभा राहतो आणि तोंडावर बोलतो, दुष्टाला मदत करायची होती का तुला? त्याचं नाव येहू. हनानीचा मुलगा.

बापाला खोड्यात घातलेल्या राजाच्या मुलापुढे जाऊन तो बोलला. यहोशाफाटने त्याला हात लावला नाही. पुढच्याच वचनात तो बैरशेब्यापासून एफ्राईमच्या डोंगरापर्यंत लोकांमध्ये फिरतो, नगरानगरांत न्यायाधीश नेमतो आणि त्यांना बजावतो, तोंड बघून न्याय करू नका, लाच घेऊ नका. दगडी पायरी, तुमचं स्तोत्र ७२. मग २०व्या अध्यायाच्या शेवटी, ३०व्या वचनात लिहिलंय की यहोशाफाटचं राज्य शाकत झालं आणि त्याच्या देवाने त्याला चोहोकडून हेनीआख दिला.

शेवंती

आत्ता उघडून वाचलं. पुढच्या रविवारी तिलाच उभं राहून १९:२ वाचायला सांगते.